पोरांचा ‘खून’ आणि गावाची झोप

“काकू, प्रेत तुमच्या पडवीत ठेवलं तर चालेल का? दोनच तास!”

दारात उभं राहून कुणी असं विचारलं असतं, तर आपल्या सासवांनी आधी देवाचं नाव घेतलं असतं आणि मग पोलिसांना बोलावलं असतं. आताशा आमच्या बोईसरकडे हा प्रश्न वाटीभर साखर मागावी तितक्या सहज विचारला जातो. कॉलेजची परीक्षा संपली की पूर्वी मुलं पत्ते कुटायची, नाही तर केळव्याला सुरूच्या बनात सहल काढायची. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, मोबाईलात कॅमेरा आहे आणि डोक्यात एक खून आहे. दहा-पंधरा मिनिटांचा छोटासा चित्रपट काढायचा, ‘शॉर्ट फिल्म’ म्हणायचं तिला, आणि बहुतेक वेळा ती रहस्यपटच असते.

यात मुलांना हसण्यासारखं काही नाही. आपल्या आया-मावश्यांनी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड उशीखाली लपवून वाचलेच होते, आणि १९७६ साली ‘हा खेळ सावल्यांचा’ पाहून आल्यावर रात्री परसात एकटं जायला कित्येकींचे पाय लटपटले होते. शिवाय छोटा म्हणून हा प्रकार कमी लेखायचं कारण नाही. श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिला असेल. तो सुचला एका फ्रेंच लघुपटावरून. आपले नागराज मंजुळे तेव्हाच्या अहमदनगरच्या कॉलेजात शिकत होते, तेव्हा त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. चोरी करावी लागणाऱ्या, पण शाळेची ओढ असलेल्या पोराची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा आपल्या पोरांनी मोबाईल हाती घेतला तर “अभ्यास सोडून हे काय थेर” असं लगेच म्हणू नये, एवढं माझं मत झालं आहे.

आमच्याकडे हे प्रकरण मुलीमुळे आलं. ती आणि तिचे पाच मित्रमैत्रिणी. कुणी पालघरहून लोकलने येणारं, कुणी तारापूरच्या एमआयडीसीत वडील पाळीवर जाणारं, एकजण चिंचणीकडचा. गोष्ट त्यांनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर लिहिली, त्यामुळे मला ती पाठ झाली. कारखान्यातला एक हिशेबनीस पैशांची पिशवी घेऊन रात्रीच्या डहाणू लोकलने निघतो, घरी पोचतच नाही. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या पडवीत त्याचं प्रेत सापडतं. खून पाहिलेला एकच साक्षीदार, एक लहान मुलगा, आणि त्यालाही गाडीत घालून पळवून नेतात. तपासाला येते ती इन्स्पेक्टर बाई.

आधी ती इन्स्पेक्टर नव्हती हो! पहिल्या खर्ड्यात मुलगी होती ती प्रेत म्हणून. माझ्या मुलीने तिथेच पेन खाली ठेवलं. “दर वेळी मरायचं काम बायकांनीच का करायचं? मी नाही आडवी पडणार.” बराच वाद झाला आणि अखेर प्रेताची भूमिका त्यांच्यातल्या सर्वांत उंच मुलाकडे गेली. मला मनातून बरं वाटलं. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला एकही बाई मिळाली नाही, म्हणून उपाहारगृहात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं होतं. तिथून इथवर यायला शंभर वर्षं लागली म्हणायची.

तयारीचं म्हणाल तर रक्तापासून सुरुवात झाली, आणि ते काम अर्थातच स्वयंपाकघराकडे आलं. साखरेचा एकतारी पाक, त्यात खाण्याचा लाल रंग, दाटपणाला पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर, आणि महत्त्वाचं म्हणजे चिमूटभर कोको. कोको नसेल तर ते रक्त रूहअफजासारखं दिसतं. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) तर चक्क चॉकलेटचं सरबत वापरलं होतं, चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रंगाचा प्रश्नच नव्हता. ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुती पांढऱ्या कपड्यावरचा खाण्याचा रंग पूर्ण जात नाही, तेव्हा टाकाऊ सदराच द्यावा, आणि डाग लगेच थंड पाण्यात धरावा, गरम पाण्यात नव्हे. दुसरं असं की पाक तो पाकच. आमचं प्रेत पडवीत वीस मिनिटं झोपलं आणि मग “मुंग्या! मुंग्या!” करत उठून अंगणभर नाचलं. पुढच्या वेळी चटईच्या कडेने हळद टाकली. मुंग्या हळदीलाही फारशा जुमानत नाहीत, असा अनुभव आहे.

हे सगळं गमतीत चाललं होतं. माझी खरी घालमेल झाली ती अपहरणाच्या पानावर. तिथे लिहिलं होतं : ‘रात्र. गावाबाहेरचा रस्ता. व्हॅन थांबते. दोघे जण तोंडं बांधलेले. मुलाला उचलून आत टाकतात. मुलगा किंचाळतो.’

हे पान त्यांनी लिहिलं ते चित्रपटासारखं. मी वाचलं ते पालघर जिल्ह्यात राहणाऱ्या बाईसारखं. १६ एप्रिल २०२० ची रात्र आपल्याकडे कोण विसरलं आहे? डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. टाळेबंदीचे दिवस, चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशी आवई उठलेली, आणि त्या आवईपायी दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांना जमावाने ठार मारलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जण असेच मारले गेले. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, सोलापूरकडचे. मुलं पळवायला आलेत, एवढाच संशय.

मुलांना मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पण काकू, आम्ही तर खोटं खोटं करणार.” मग त्यांच्यातल्याच एकाने मोबाईलवर शोधून एक गोष्ट वाचून दाखवली, आणि टेबलावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. ती तुम्हांलाही सांगण्यासारखी आहे. पाकिस्तानात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी एक लहानशी फिल्म केली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. थोड्या वेळाने परत येऊन पोराला खाली उतरवतात आणि फलक दाखवतात, की मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. हेतू किती चांगला! पण कुणी तरी तो शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा २०१८ मध्ये आपल्या देशात व्हॉट्सॲपवर फिरला, ‘आपल्या भागातल्या टोळीचं काम’ म्हणून. अशा तुकड्यांवर विश्वास ठेवून ठिकठिकाणी जमावांनी निरपराध माणसं मारली. म्हणजे अपहरण खोटं, चित्रण खोटं, आणि मेलेली माणसं खरी.

“मग तो सीनच काढून टाकायचा का?” मुलीने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. मला ‘हो’ म्हणायचं होतं, कबूल करते. पण तो काढला तर गोष्टच उरत नव्हती, हेही दिसत होतं. माझ्याआधी चिंचणीच्या मुलाची आजी बोलली. त्या दिवशी ती नातवाबरोबर ताजे बोंबील घेऊन आली होती आणि सगळं ऐकत दाराशी बसली होती. “गावाला आधी सांगा ना रे. गावाला ठाऊक असल्यावर गाव कशाला उठेल?”

आणि गंमत पाहा, भारतीय चित्रपटाच्या अगदी पहिल्या चित्रणात नेमकं हेच घडलेलं आहे. फाळके आपल्या मंडळींना बाहेरचं चित्रण करायला वांगणीला घेऊन गेले होते. आपलं वाणगाव नव्हे बरं का, बदलापूर-नेरळमधली वांगणी. नटमंडळी पुढे पोचली, ढाली-तलवारी, भाले घेऊन. गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले! पाटलाला वर्दी गेली, पोलीस आले आणि सगळी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ ताब्यात. मागून फाळके पोचले, समजावून सांगितलं, तरी कुणाचा विश्वास बसेना. अखेर कॅमेऱ्यात फिल्म न घालता त्यांनी एक प्रसंग तिथल्या तिथे करून दाखवला, तेव्हा सुटका झाली म्हणतात. १९१३ च्या मे महिन्यात चित्रपट मुंबईत लागला. लोकांना आधी दाखवा, मग त्यांची भीती जाते, हे त्या गृहस्थांना शंभर वर्षांपूर्वी वांगणीत कळलं होतं. फरक इतकाच, की तेव्हा गावाने पाटलाकडे धाव घेतली होती.

झालं, कामं वाटून घेतली. एका जोडीने पोलीस ठाण्यात अर्ज दिला : तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, सहाही जणांची नावं आणि आईवडिलांचे फोन. सोबत मीही गेले होते. तिथल्या हवालदारांनी अर्ज वाचून पहिला प्रश्न केला, “हत्यार कसलं आहे?” खेळण्यातलं पिस्तूल टेबलावर ठेवलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, “ताई, हे समुद्रावर नेऊ देऊ नका. २००८ नंतर किनाऱ्यावरची माणसं अनोळखी माणसाकडे दोनदा बघतात. आणि बघावंच.” मुंबईवरचा हल्ला समुद्रातून आला होता, तेव्हापासून आपल्या कोळी-मांगेला बांधवांना किनाऱ्याचे डोळे म्हणूनच धरलेलं आहे. मुलांच्या मनात संध्याकाळच्या ओहोटीत पिस्तुलाची झटापट होती. ती तिथेच, त्या टेबलावर संपली.

आणखी दोन गोष्टी अशाच गळल्या. अणुऊर्जा केंद्राच्या दिशेने कॅमेरा न्यायचा नाही, हे तारापूरकडच्या पोराला सांगावं लागत नाही. १९६९ पासून ती भिंत बघत तीन पिढ्या वाढल्या. कारखान्यात धडाका आणि धूर दाखवायचा बेत मात्र एकाच्या वडिलांनी मोडून काढला. ते स्वतः एमआयडीसीत कामाला. “जानेवारी २०२० मध्ये कोळवड्याला स्फोट झाला, माणसं गेली. त्या आवाजाने घरं हादरली होती. तुमचा फटाका वाजला की बायका पोरं घेऊन रस्त्यावर येतील,” एवढंच म्हणाले. धडाका गोष्टीतून गेला. लोकलचा प्रसंग फलाटावर करायचा तर रेल्वेची परवानगी लागते, आणि रुळांत उतरणं हा तर गुन्हाच आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणून मुलांनी हिशेबनिसाला नुसता जिन्यातून उतरताना घेतला, तोही आमच्या इमारतीच्या, आणि गाडीचा आवाज गच्चीवरून टिपला. पाहताना कळतही नाही.

अपहरणाच्या प्रसंगाला पाच दिवस गेले, पैकी चार नुसते सांगण्यात. गाव चिंचणीकडच्या वाटेवरचं, त्या आजीचंच. सरपंचांना सांगितलं, पोलीस पाटलांना सांगितलं, शाळेच्या बाईंना सांगितलं. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप गेला. तरी आजीचं समाधान होईना. तिचं म्हणणं, “तो निरोप बाप्ये बघतात. बायांना कोण सांगणार?” मग ती स्वतः दोन मुलींना घेऊन घरोघरी फिरली, नळावर थांबली, मासळी घेऊन निघालेल्या बायकांना रस्त्यात गाठलं. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य : “गुरुवारी माझा नातू पोर पळवणार हाय, खोटाच. घाबरू नका, बघायला या.” मला तर हे वाक्य फार आवडलं.

वेळही बदलली. रात्रीऐवजी संध्याकाळी पाच. प्रकाश कमी धरून आणि नंतर निळसर झाक देऊन दिवसाची रात्र करता येते; मोठ्या चित्रपटांत तसं नेहमी करत आले आहेत. मुलींना सातच्या आत घरी यायचंच होतं, त्यामुळे आम्हां आयांचीही सोय झाली. ज्या मुलाला पळवायचं त्याची सख्खी आई कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहिली, मुलाला ती दिसेल अशी. रस्त्याच्या दोन्ही टोकांना पुठ्ठ्यावर ठळक लिहून एकेक जण उभा केला : ‘चित्रपटाचं चित्रण सुरू आहे’. तोंडं बांधायची नाहीत, असं ठरलं. त्याऐवजी टोप्या घातल्या.

एवढं करूनही जे व्हायचं ते थोडंसं झालंच. दुसऱ्या वेळेस मुलगा किंचाळला तेव्हा शेताच्या बांधावरून, जिथे पाटी नव्हती, एक मोटारसायकल आली. माणूस परगावचा. त्याने गाडी आडवी घातली, किल्ली काढून घेतली आणि खिशातून फोन काढला. व्हॅनमधल्या दोघांचे चेहरे पांढरे पडले. मी ओरडू म्हटलं तर माझ्या घशातून आवाज निघेना. तेवढ्यात रस्त्याकडेच्या ओट्यावर बघत बसलेल्या दहा-बारा बायका एकदम उठल्या आणि त्याच्याभोवती जमल्या. “आमचीच पोरं हायत! शिनेमा हाय!” त्यांतल्या एकीने मुलाच्या आईचा हात धरून तिला पुढे उभं केलं, “ही बघ आयस.” त्या माणसाने आईकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग फोन खिशात ठेवला. रागावला नाही. म्हणाला, “मला वाटलं...” आणि वाक्य पुरं केलं नाही. आजीने त्याला पाणी दिलं. तिसरी खेप झाली ती त्याच्या देखत, आणि जाताना तो विचारून गेला, केव्हा बघायला मिळेल म्हणून.

मला विचाराल तर तो माणूस चुकला नव्हता. पोर ओरडतंय म्हटल्यावर थांबणारा माणूस गावाला हवाच. थांबून विचारणं आणि न विचारता मारणं यांत फार अंतर आहे, आणि त्या दिवशी ते अंतर त्या ओट्यावरच्या बायकांनी राखलं.

घरी आल्यावर मुलांनी आणखी एक शहाणपणा केला. अपहरणाचं चित्रण एकाच फोनवर ठेवलं, बाकी सगळ्यांनी आपापल्या फोनमधून पुसलं, आणि त्या तुकड्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रपटाचं नाव आणि ‘काल्पनिक’ हा शब्द घातला. कापला तरी जाऊ नये असा, मधोमध. दिसायला वाईट दिसतं, पण चालेल, असं बहुमताने ठरलं. (एकाचं मत विरुद्ध होतं. तो कॅमेरा धरणारा.)

इंटरनेटवर टाकायचं की नाही, यावर आयांचं वेगळं बोलणं झालं. पालघरच्या आयांना ‘टाकणं’ हे क्रियापद जरा जडच जातं. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींपायी अटक झाली होती. एकीने मुंबई बंदबद्दल लिहिलं, दुसरीने ते पसंत केलं. कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल हिने त्या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि मार्च २०१५ मध्ये ६६-अ हे कलमच रद्द झालं. म्हणजे मुलीच खऱ्या ठरल्या. पण त्या आठवड्यात त्यांच्या आयांना झोप कशी लागली असेल, हे न्यायालय कुठे मोजतं? अखेर असं ठरलं, की आधी गावात दाखवायचा, ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांची हरकत नसेल तर पुढे टाकायचा. त्या लहान मुलाचं नाव कुठेही द्यायचं नाही.

राहिलं आमचं काम. सहा पोरं, त्यांची भूक, आणि दर दोन तासांनी चहा. पोहे, वडापाव, प्रवास आणि गाडीचं पेट्रोल धरून सारा खर्च साडेतीन हजारांत बसला. मला राहून राहून सरस्वतीबाई फाळके आठवत होत्या. त्या माउलीने दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचं जेवण रांधलं, फिल्मच्या पट्टीला कडेची भोकं पाडली, रसायनं कालवली, आणि चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, उजेड नटांच्या तोंडावर पडावा म्हणून. मीही चादर धरली. पाच मिनिटांत हात भरून आले. (आता पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवला तरी तेच काम होतं, हे नंतर कळलं.)

आवाजाचं काम शेवटी, माझ्याच ओट्यावर झालं. ‘सायको’तल्या सुऱ्याचा आवाज म्हणजे खरबुजात खुपसलेला सुरा, आणि पाऊण मिनिटाच्या त्या प्रसंगाला सात दिवस लागले होते, असं मुलांनी वाचलं होतं. आम्ही कोबीवर भागवलं. कोबीचा गड्डा चांगला वाजतो, मात्र घट्ट हवा. नंतर त्याची भाजी केली.

मागच्या शनिवारी गावात शाळेच्या पटांगणात पांढरी चादर बांधून खेळ झाला. साठ-सत्तर माणसं होती, बायका पुढे. अपहरणाच्या वेळी शांतता पसरली, मुलाच्या आईने पदर तोंडाशी धरला. तीच तिथे उभी होती, तरीसुद्धा! इन्स्पेक्टर बाईंनी खुनी पकडला तेव्हा टाळ्या पडल्या. दिवे लागल्यावर मागून त्या आजीने विचारलं, “ते सगळं खरं. पण पैशाची पिशवी कुणी नेली?”

सहाही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. पिशवी जिन्यानंतर कुठे दिसलीच नव्हती. या रविवारी सकाळी एक प्रसंग पुन्हा घ्यायचा आहे. सरपंचांना कळवलं आहे, ठाण्यात अर्ज गेला आहे, आणि बायांना सांगायचं काम आजीकडे आहे.